परतीचे तेवढे राहिले

सुतळीकाकांनी आपल्या बायकोचे सामान एका दुपारीत बांधून टाकले. ही हकिगत त्यांच्या मुलीने मला पहिल्या भेटीत सांगितली आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत पुन्हा सांगितली. तपशील कधी बदलले नाहीत, म्हणून मी ती जशीच्या तशी देतो. बाईंना जाऊन काही आठवडे झाले होते. आवराआवरीला मदत म्हणून मुलगी सुट्टी काढून आली, तर दारातूनच तिला खोकी दिसली. भिंतीला लागून, कडेला कड जुळवून, छातीच्या उंचीपर्यंत रचलेली. प्रत्येकावर जाड अक्षरांत मजकूर होता: ‘कपडे, थंडीचे’. ‘कपडे, रोजचे’. ‘काच, नाजूक, ही बाजू वर’. आईच्या चपलासुद्धा जोडीजोडीने कागदात गुंडाळलेल्या होत्या, जणू कोण्या गिऱ्हाइकाचा माल होता आणि पोहोचल्यावर तक्रार येता कामा नये.

“बाबा, हे काय केलंत?”

“बांधलं.”

“अहो, पण पाठवायचंय कुठे?”

यावर ते खोक्यांकडे पाहत राहिले. मुलीचे म्हणणे असे, की त्या क्षणी तरी ते रडतील असे तिला वाटले. ते म्हणाले, “चिकटपट्टी संपली. नाहीतर माळ्यावरचंही झालं असतं.”

हे गृहस्थ म्हणजे घरसामान हलवणाऱ्या एका फर्मचे जुने पॅकर. अंगाने काटकुळे, खिशात सदैव सुतळीचे बंडल. फर्ममधले बरोबरीचे त्यांना नुसते ‘सुतळी’ म्हणत आणि धाकटे ‘सुतळीकाका’. खरे नाव पगाराच्या दिवसापुरते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची बिऱ्हाडे उचलली. स्वतःचे मात्र एकदाही हलवले नव्हते. ते काम शेवटी मुलीने केले. तिने त्यांना आपल्या घराच्या मागच्या खोलीत आणले. फर्मने आधी रजा दिली, मग ‘आता आराम करा’ असे सांगितले. त्यांनी दोन्हीला मान डोलावली.

त्यानंतरच्या महिन्यांविषयी सांगण्यासारखे फार थोडे आहे, आणि हेच त्या महिन्यांचे खरे वर्णन म्हणता येईल. ते दुःखी दिसत नसत. कशातच दिसत नसत. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधोमध अडकून नुसता खरखरत असे आणि ते शेजारी बसलेले असत. मुलगी येऊन बंद करी.

“ऐकत होतात?”

“नाही.”

“मग?”

“चालू होता.”

एकदा इस्त्रीचा चटका बसला, तो त्यांना मुलीच्या ओरडण्यावरून कळला. डॉक्टरांनी तपासून सगळे ठीक असल्याचे सांगितले. मुलीच्या मते जे बिघडले होते, नेमके तेवढेच डॉक्टरांना दिसत नव्हते.

अशा अवस्थेत एका सकाळी त्यांनी सांगितले, की आपण डोंगरापलीकडच्या तीर्थाला चालत जाणार. जुनी पायवाट आहे, कित्येक आठवड्यांची. लोक जातात.

मुलीला हसू आले. गेल्या वर्षभरातले ते पहिलेच, असे ती सांगते. “तुम्ही? तुम्ही कधी देवळाची पायरी तरी चढलात का?”

“चढलोय की. पुजाऱ्याचं लोखंडी कपाट घेऊन.”

त्यांनी तीर्थ ऐकून नव्हे, पाहून निवडले होते. याला साक्षीदार म्हणजे फर्मचा ट्रक ड्रायव्हर, त्यांचा जुना जोडीदार. खूप वर्षांपूर्वी दोघे त्या गावात एका बिऱ्हाडाचे सामान उतरवायला गेले होते. गल्लीच्या तोंडाशी चालत आलेली माणसे एकेक करून पोहोचत होती. कुणी पायरीवर बसून बूट काढत होते, कुणी उगाच हसत होते, एक बाई भिंतीला हात लावून उभी होती. “हा सोफ्याचं एक टोक धरून तसाच थांबला,” ड्रायव्हर मला म्हणाला. “मी म्हटलं, अरे, खाली तरी ठेव! तर म्हणतो, ‘यांना बघ, काहीतरी होतंय.’ मी म्हटलं, मलाही होतंय, कंबरेत.” काकांना हा प्रसंग विचारला तेव्हा त्यांनी सोफा नाकारला; टेबल होते म्हणाले. बाकी मान्य केले. आपल्यालाही ‘काहीतरी होतं का’ हे त्यांना पाहायचे होते. होईलच असा त्यांचा दावा नव्हता.

मुलगी व्यवहारी आहे. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांकडून अक्षरांचा तक्ता वाचून घेण्याचे काम ती करते. ज्याला जे दिसत नाही, त्यावर वाद घालत बसत नाही, भिंग बदलून पाहते. तिने यात्रा कंपनीची चौकशी केली आणि वडिलांना कंपनीच्या ऑफिसात घेऊन गेली. गार हवा, गुळगुळीत खुर्च्या, भिंतीवर एकसारख्या टोप्या घातलेल्या लोकांचा हसरा फोटो. टेबलामागच्या मुलीने सगळे पाठ म्हणून दाखवले. मुक्काम ठरलेले, वाटाड्या बरोबर, आणि सामानाची तर चिंताच नको. “सकाळी तुम्ही हात हलवत निघायचं, काका. बॅग आमची व्हॅन पुढे नेऊन ठेवते.”

“व्हॅन आहे का इथे?”

व्हॅन मागच्या अंगणात होती आणि नुकतीच एका तुकडीचे सामान घेऊन आली होती. काकांनी मागचे दार उघडायला लावले. आत बॅगा जशा पडतील तशा फेकलेल्या होत्या. एका मऊ बॅगेवर कुणाची तरी पेटी उलटी बसली होती. ते परत आले, खुर्चीवर न बसता म्हणाले, “ज्यांनी हे भरलंय त्यांच्याबरोबर मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा जाणार नाही.”

कंपनीला नकार देण्याचे कारण म्हणून काका आजही ही व्हॅन पुढे करतात. मला ते पुरेसे वाटत नाही. मुलीला त्याच भेटीतले आणखी एक वाक्य आठवते. टेबलामागच्या मुलीने उत्साहाने सांगितले होते, की पहिल्या संध्याकाळी सगळे गोल करून बसतात आणि आपण का निघालो हे प्रत्येक जण सांगतो. फार छान वाटते, लोक अगदी मोकळे होतात. काकांनी तेव्हा विचारले होते, “नाही सांगितलं तर?” ती म्हणाली होती, “सगळेच सांगतात हो!” व्हॅन बघायला ते त्यानंतर उठले.

“मग एकटे जाणार?” रस्त्यावर आल्यावर मुलीने विचारले.

“माझं मी बघतो.”

वर्षभरात त्यांनी स्वतःहून ठरवलेली ही पहिलीच गोष्ट होती. म्हणून तिने जीव मुठीत धरून होकार दिला, पण कंपनीच्या मुलीला एक जागा अडवून ठेवायला सांगितले. हे वडिलांना ठाऊक नव्हते.

तयारी त्यांनी आपल्या पद्धतीने केली. मागच्या खोलीच्या भिंतीवर खोक्याचा एक मोठा उलगडलेला पुठ्ठा ठोकला आणि त्यावर वाट काढली. पाणी कुठे, दुकान कुठे, कुत्री कुठे, पूल कुठे खचलेला. माहिती फोनवरून जमवली. ट्रकच्या इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान अधू झाले आहेत, त्यामुळे फोन स्पीकरवर असे आणि सगळी योजना घरभर ऐकू येई. वाटेवरच्या धर्मशाळा चालवणारी माणसे बहुधा या फोनवर गोंधळत. कारण काकांचे प्रश्न पॅकरचे होते.

“जिना आहे का?”

“आहे.”

“सरळ की वळणाचा?”

“वळणाचा. का हो?”

“वळणावर जागा किती? दार केवढं रुंद?”

“किती जण येताय तुम्ही?”

“एकटाच.”

“मग दाराची रुंदी कशाला? आडवे येणार आहात का?”

“सवय,” काका म्हणत, आणि पुठ्ठ्यावर रुंदी लिहून घेत.

पिशवी हा स्वतंत्र विषय. पाठीवरची पिशवी त्यांनी स्वतः भरली आणि ती भरण्यात त्यांच्या धंद्याचा पहिला नियम पाळला: जड खाली, हलके वर. खोक्याला हा नियम बरोबर आहे. फर्मच्या गोदामामागच्या चढावर सरावाला म्हणून ड्रायव्हर त्यांच्याबरोबर चालला, तेव्हा अर्ध्यातच काकांची पाठ धनुष्यासारखी मागे ओढली गेली आणि खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले. ते बोलले नाहीत. दुखते आहे हे त्यांना जाणवत होते की नाही, हेही कळेना. शेवटी ड्रायव्हरने मागून पिशवी उचलून धरली.

“काय भरलंयस? बिऱ्हाड?”

“नियमानं भरलंय. जड तळाला.”

“अरे गाढवा, तू ट्रक आहेस का? ट्रकला खांदे असतात का? जड ते पाठीला चिकटून, वर घे. ओझं तुझ्यात बसायला हवं, तुला मागे खेचायला नको.”

रस्त्याकडेच्या कठड्यावर पिशवी रिकामी झाली. काकांनी एकेक वस्तू हातात तोलून पाहिली आणि पुन्हा भरायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडून. ड्रायव्हर सांगतो, “तोंड असं केलं होतं, जणू मी त्याला चोरी करायला सांगितली.”

हे सगळे जमत आले. वाट पूर्ण झाली, बूट पायात रुळले, मुक्काम नक्की झाले. उरली फक्त तीर्थाच्या गावातली शेवटची धर्मशाळा. ती एक म्हातारी बाई चालवते. संध्याकाळी फोन लागला, तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. जिना नव्हता. दार रुंद होते. सगळे उत्तम.

“आणि निघायचं कधी?” म्हातारीने विचारले.

“कुठे?”

“कुठे म्हणजे? घरी! सीझन संपला की बस गावात आत येत नाही, फाट्यावरूनच जाते. तुम्ही आदल्या दिवशी सांगितलंत तर बसच्या ड्रायव्हरला निरोप देते, मग येतो तो आत. कुठल्या दिवशीचं सांगू?”

काका पुठ्ठ्यासमोर उभे होते. पुठ्ठ्यावरची रेघ तीर्थापाशी संपली होती. पुढे दोन वितींची जागा मोकळी होती, पण तिथे काही काढलेले नव्हते.

“ते नंतर कळवतो,” ते म्हणाले.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मुलगी ओल्या हातांनी दारात आली.

“बाबा, परत कधी येणार आहात?”

“ते ठरवायचं राहिलं.”

“कुत्री कुठे भुंकतात तेसुद्धा लिहिलंत. दाराच्या रुंद्या लिहिल्यात. आणि हे राहिलं?”

“हो.”

“राहिलं, की ठेवलं?”

ते तिच्याकडे पाहत राहिले. ती सांगते, की त्या नजरेत काही लपवलेले नव्हते. लपवायला काही सापडलेच नसावे, अशी ती नजर होती. तिला त्याचीच भीती वाटली. ती त्या रात्री झोपली नाही. कंपनीला फोन करून ती अडवलेली जागा पक्की करावी आणि वडिलांना सरळ सांगावे की हेच, नाहीतर काही नाही, इथपर्यंत ती आली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाण्याआधी ती फर्मच्या गोदामावर गेली. ड्रायव्हर ट्रकखाली झोपून काहीतरी आवळत होता. तिने उभ्याउभ्याच सगळे सांगितले. तो बाहेर आला, हात पुसत बसला.

“पोरी, आमच्यात परतीचं कुणी ठरवतच नाही. माल चढला, माल उतरला, काम संपलं. येताना रिकामी गाडी. ती काय, येतेच. तिला कोण विचारतं?”

“आणि नाही आली तर?”

“तुझी आई विचारायची. ऑफिसात फोन करायची, ‘कुठवर आलेत?’ मग गाडीवरच्या आम्हा सगळ्यांची थट्टा व्हायची, त्याची सगळ्यात जास्त. तो म्हणायचा, बाईला काम नाही दुसरं.” मग तो म्हणाला, “पण तू आता मला विचारतेस म्हणून सांगतो. तो मुद्दाम करतोय असं मला वाटत नाही. आणि मुद्दाम करत नाहीये, असं छातीवर हात ठेवून मी सांगणारही नाही.”

ड्रायव्हरचे स्पष्टीकरण फार चपखल आहे, आणि चपखल स्पष्टीकरणांबद्दल सावध राहावे असा माझा अनुभव आहे. पुढे मी काकांना थेट विचारले, की ही धंद्याची सवय होती की दुसरे काही. “ठाऊक नाही,” ते म्हणाले. “तेव्हाही नव्हतं.” माझ्याकडे याहून विश्वसनीय पुरावा नाही.

मुलीने कंपनीला फोन केला नाही. गोदामावरून ती घरी आली आणि वडिलांना म्हणाली, “कंपनी नको तर नको. पण परतीचं तिकीट काढायचं. मी नाही, तुम्ही. आणि आणून मला दाखवायचं. तरच जायचं.”

“बरं,” ते म्हणाले. चिकटपट्टी आणायला सांगितली असती तरी ते याच स्वरात ‘बरं’ म्हणाले असते.

तिकीट खिडकीवरचा कारकून मला भेटला. त्याला काका आठवतात, कारण त्यांच्यामागे रांग तुंबली होती. काकांनी तीर्थाच्या गावाचे नाव सांगितले.

“जायचं?”

“यायचं. तिथून.”

“तिथून कुठे?”

काका थांबले. हजारो खोक्यांवर त्यांनी पोहोचण्याचा पत्ता लिहिला होता, पण तो दर वेळी दुसऱ्या कुणीतरी सांगितलेला असे.

“इथे,” ते म्हणाले.

“इथे म्हणजे? मुख्य स्टँड, बाजार की पूल? तीन थांबे आहेत.”

“घराला जवळ कुठला?”

“कुणाच्या?”

“मुलीच्या.”

“काका, तुमची मुलगी कुठे राहते ते मला काय माहीत! मी काय जावई आहे?”

रांगेत हशा पिकला. काकांनी खिशातून फोन काढला. चष्म्याच्या दुकानात त्या वेळी एक गिऱ्हाईक खुर्चीवर बसून तक्त्याची शेवटची ओळ वाचत होते. मुलीने फोन कानाला लावला.

“मी परत येताना,” वडिलांनी विचारले, “कुठे उतरू?”

“पुलाजवळ,” ती म्हणाली. “पुलाजवळ उतरा, बाबा.”

“पूल,” असे त्यांनी पलीकडे कुणाला तरी सांगितलेले तिने ऐकले, आणि फोन बंद झाला. गिऱ्हाईक ओळ वाचून केव्हाच थांबले होते. त्यांना ती पुन्हा वाचायला सांगावी लागली. तिला एक अक्षर ऐकू आले नव्हते.

ते गेले. चालण्याबद्दल त्यांच्याकडून मला जे मिळाले ते त्रोटक आहे. वाट पुठ्ठ्याप्रमाणे निघाली. खचलेला पूल दुरुस्त झालेला होता. एका जिन्याचे वळण म्हणे फोनवर सांगितले त्यापेक्षा अरुंद निघाले. हे मात्र त्यांनी रागाने सांगितले. तीर्थाला पोहोचल्यावर त्या गल्लीच्या तोंडाशी ते थोडा वेळ उभे राहिले. जवळून लोक जात-येत होते. “तिथं काही झालं का?” या माझ्या प्रश्नाला ते “नाही” म्हणाले, आणि मी ते खोडून काढणार नाही.

तिकिटावरच्या दिवशी मुलगी पुलाजवळ जाऊन उभी राहिली. बस आली. एक बाई उतरली, एक सैनिक उतरला, दार बंद झाले. तिने हात करून बस थांबवली, आत चढून प्रत्येक सीट पाहिली आणि खाली उतरली. फोन लागत नव्हता. म्हातारीचा नंबर पुठ्ठ्यावर होता. तिथे घंटा वाजत राहिली. ती घरी आली आणि मागच्या खोलीच्या दारात बसली. ड्रायव्हरला सांगितले, तो ट्रक घेऊन निघायला तयार होता. दुसऱ्या दिवशीची बस पाहू आणि मग निघू, असे ठरले.

दुसऱ्या दिवशीच्या बसमधून ते उतरले. पाठीवर पिशवी, चेहरा उन्हाने रापलेला.

“काल कुठे होतात?” तिचा आवाज रस्त्यावरच्या माणसांनी वळून पाहण्याइतका चढला होता. “काल कुठे होतात तुम्ही?”

“बस आत आली नाही. आदल्या दिवशी सांगायचं असतं ना. विसरलो. मग आज चालत फाट्यावर आलो.” मग पुढे म्हणाले, “परत यायची सवय नाही.”

तिने पिशवी घ्यायला हात पुढे केला; त्यांनी दिली नाही. दोघे घराकडे चालू लागले. ते हमरस्त्याने यात्रेकरू चालतात तसे, अगदी कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालत होते. ती मागे. अर्ध्या वाटेत तिने विचारले, “तिथं काही वाटलं का, बाबा? खरं सांगा.”

त्यांनी मनापासून विचार केला.

“भूक लागायची,” ते म्हणाले. “रोज. मस्त लागायची.”

“आत्ता?”

“आत्ताही लागलीय.”

“घरी काहीच केलेलं नाही मी. कालपासून चूलच पेटली नाही.”

“मग इथंच काहीतरी घेऊ,” असे म्हणून ते थांबले आणि रस्त्यापलीकडची दुकाने पाहू लागले.